उजव्या बाजूचं स्टिअरिंग

९ जानेवारी

पान्यास,

'प्रिय' लिहीत नाही, आणि आशीर्वाद तर मुळीच नाही. अकरा वर्षांनी तुला लिहायला बसलेय ते हौसेनं नव्हे. चार वेळा फोन केला, चारही वेळा माझा आवाज ऐकून ठेवून दिलास.

बाबांना जाऊन सात महिने झाले. मी घर आवरतेय. मागच्या शेडमध्ये त्यांची गाडी ताडपत्रीखाली तशीच उभी आहे. वाहन कार्यालयाची नोटीस आलीय: इतक्या जुन्या गाडीनं तीस एप्रिलच्या आत तपासणी पास केली नाही, तर नंबर रद्द आणि गाडी भंगारात. मी तसं होऊ देणार नाही. त्या गाडीच्या स्टिअरिंगला बाबांनी मला कधी हात लावू दिला नाही, पण दर रविवारी ती पुसायला मीच असायचे.

मिस्त्रीला बोलावलं. अर्धा तास बॉनेटखाली डोकं घालून होता. मग म्हणाला, "बाई, इंजिन होईल, ब्रेक होतील. पण स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवतो तो बॉक्सच जागेवर नाही. नुसती भोकं आहेत. कुणीतरी एकही बोल्ट न मोडता अलगद काढून नेलाय."

कुणीतरी! इतक्या जुन्या गाडीचा बोल्ट न मोडता काढणारा आपल्या घराण्यात एकच. अपघातानंतर चौथ्या दिवशी तू शेडमध्ये शिरलास ते शेजारच्या काकूंनी बघितलं होतं. अपघाताच्या महिनाभर आधी तो बॉक्स तूच उघडला होतास, तूच बसवला होतास. बाबांनी स्टिअरिंग फिरवलं, चाकं फिरली नाहीत, आणि शेजारी बसलेली आई गेली. मग तू पुरावाच उचलून नेलास. बाबांनी तक्रार केली नाही हे त्यांचे उपकार.

बॉक्स परत पाठव. सोबत चिठ्ठी नसली तरी चालेल.

ताई

---

१७ जानेवारी

आदरणीय ताईसाहेब यांस,

आपलं पत्र पोचलं. फोनवर काय ऐकायला मिळालं असतं ते वाचून कळलं, म्हणजे ठेवून दिला ते बरंच केलं. यापुढेही जे असेल ते लिहूनच कळवावं. आपल्या घरात तोंडी बोललेल्या शब्दांचं पुढे काय होतं, ते मी बघितलेलं आहे.

होय, बॉक्स माझ्याकडे आहे. देणार नाही.

आपल्या माहितीसाठी: गॅरेज बंद करून मला दहा वर्षं झाली. अपघातानंतर गिऱ्हाईकं गाडी न्यायला यायची, आणायला कुणी येत नव्हतं. आता मी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करतो. एकशे चाळीस मशीनं आहेत. त्यांच्यात बसून कुणी कुठे जात नाही, त्यामुळे कुणी मरत नाही.

मिस्त्रीला एवढं सांगा, की ही गाडी परदेशी बनावटीची, आणि या जातीच्या बहुतेक गाड्या डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या निघाल्या. आपल्यासारख्या उजव्या फार थोड्या. बाजारात सहज मिळेल तो बॉक्स डावाच असणार. बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात, आतून उलटे असतात. घेताना बघून घ्यावा. नाही घेतलात आणि गाडी भंगारात गेली, तर माझा एक घास कमी होणार नाही.

कळावे.

आपला भाऊ (नाइलाजाने)

---

११ फेब्रुवारी

पान्या,

ठेव तुझा बॉक्स उशाशी. मला मिळाला.

तुला काय वाटलं, मी तुझ्या पाया पडत येईन? तीन आठवडे मी या माणसाकडून त्या माणसाकडे फिरले. एकानं बॉक्स म्हणून ट्रॅक्टरचा डबा दाखवला. दुसरा म्हणाला, उजवा हवा असेल तर आधी गाडी दाखवा, मला तुमची गाडीच विकत घ्यायचीय. तिसऱ्याच्या वखारीत दाराशी दोन कुत्री आणि आत पत्र्याच्या छपराखाली शेकडो डबे. म्हातारा दाढीवाला, डोळ्याला एक काच फुटलेला चष्मा. त्यानं अंधाऱ्या कोपऱ्यातून हा बॉक्स ओढून काढला, फडक्यानं पुसला आणि म्हणाला, "उजवा. डोळे मिटून घेऊन जा."

मिस्त्रीनं वरचं झाकण उघडून ग्रीस धुतलं. आतून अगदी नव्यासारखा आहे. झाकण उघडं असतानाच फोटो काढलाय, सोबत पाठवतेय. बघून घे, तुझ्याशिवाय कुणाचं काही अडत नाही ते.

ताई

---

१५ फेब्रुवारी

ताईसाहेब,

बसवू नका. तो डावा आहे.

फोटोत मधल्या दांड्यावरचे आटे बघा. डावीकडे चढत जातात. आपल्या गाडीला उजवीकडे चढणारे लागतात. हा बॉक्स आपल्या चेसिसवर बसेल, बोल्टही लागतील, आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की चाकं डावीकडे वळतील.

मिस्त्रीला पत्र वाचून दाखवा. दाढीवाल्यालाही दाखवा, फुटक्या काचेतून दिसलं तर.

---

२४ फेब्रुवारी

पान्या,

वाटलंच होतं मला. माझ्या हाताला काही लागलं की तुझ्या पोटात दुखायचं, ते अजून थांबलेलं नाही.

मिस्त्रीला वाचून दाखवलं. हसला. म्हणाला, "पंचवीस वर्षं गाड्या करतोय. बोल्ट बसतात म्हणजे बॉक्स त्याच गाडीचा. कोण आहेत हे?" मी म्हटलं, शिलाई मशीनवाले आहेत.

आणि तू मला सावध करतोयस? तू? ज्याच्या सावधपणापायी आई अडीच दिवस नळ्या लावून पडली होती? मी रात्रंदिवस प्रवास करून पोचले तर पलंग रिकामा होता, चादरसुद्धा बदललेली. बाबा व्हरांड्यात बाकावर बसले होते. एवढंच म्हणाले, "स्टिअरिंग फिरलंच नाही. तुझ्या भावाचं काम." त्यापुढे ते कधी त्या विषयावर बोलले नाहीत आणि त्यांनी बोलायची गरजही नव्हती.

गुरुवारी बॉक्स बसतोय.

ताई

---

१२ मार्च

पान्या,

लिहायचं नव्हतं. पण लपवणं ही तुझी सवय आहे, माझी नाही.

बॉक्स बसला. सगळे बोल्ट लागले. गाडी अजून जॅकवरच होती. मी सीटवर बसले, मिस्त्री पुढच्या चाकांपाशी आडवा होऊन बघत होता. ओरडला, "फिरवा उजवीकडे!" मी फिरवलं. तो म्हणाला, "बाई, उजवीकडे म्हटलं." म्हटलं, "उजवीकडेच फिरवतेय." "अहो, जेवता त्या हाताकडे!" मी म्हटलं, "मी डावरी आहे, पण मला उजवं कळतं!" मग तो उठला, आत वाकून माझे हात बघितले, पुन्हा बाहेर जाऊन चाकं बघितली, आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला.

तुझं बरोबर होतं. लिहिलं बघ. दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

बॉक्स परत द्यायला गेले तर वखारीला कुलूप. त्यानंतर सात जणांना विचारलं. उजवा कुणाकडेच नाही. तपासणीची तारीख मिळालीय, सव्वीस एप्रिल.

तर आता सरळ सांग. अकरा वर्षं तो डबा तुझ्या काय उपयोगाचा? त्यात काय मोडलंय, जे तुला कुणाला दिसू द्यायचं नाही?

ताई

---

२० मार्च

ताईसाहेब,

पाठवतोय. माझ्याकडे ठेवण्यासारखं त्यात काही नाही, आणि लपवण्यासारखं तर कधीच नव्हतं.

एक अट आहे. तो मिस्त्रीनं उघडायचा नाही. आपण उघडायचा, स्वतःच्या हातानं. झाकणाला चार स्क्रू आहेत. आपण आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्यात. दात कुठले झिजलेले, कुठले तुटलेले, ते आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. आतले दाते नीट मोजावेत. मग मला जे म्हणायचं असेल ते म्हणावं.

वजन पंधरा किलोच्या आसपास आहे. एकटीनं उचलू नये.

---

२ एप्रिल

पान्या,

पेटी परवा आली. काल दुपारी मिस्त्रीला घरी पाठवलं आणि माझ्या कामाच्या टेबलावर, दिव्याखाली, भिंग लावून बॉक्स उघडला.

एकही दाता तुटलेला नाही. आट्यावर ओरखडा नाही. फिरवून बघितलं, लोण्यासारखा फिरतो.

आधी वाटलं, तू आतलं सगळं बदललंयस. मला गप्प करायला नवे दाते घालून पाठवलेस. म्हणून पुन्हा बघितलं. मधले दाते थोडे गुळगुळीत झालेत, कडेचे जवळजवळ नवे. सरळ रस्त्यावर जास्त चाललेली गाडी. आणि वरचा आटा जिथे झिजलाय, बरोबर तिथेच खालचा दाता झिजलाय. वरची आणि खालची कवळी एकाच तोंडात वीस वर्षं राहिली की अशी एकमेकींत बसते. वेगवेगळ्या आणून अशी जोडी जमवता येत नाही. हे मला कळतं. दुसरं काही कळत नसेल, पण हे कळतं.

म्हणजे स्टिअरिंग फिरत होतं.

मग बाबा तसं का म्हणाले? आणि तुझ्याकडे हा डबा होता, तर तू तो अकरा वर्षांपूर्वीच माझ्या तोंडावर का फेकला नाहीस? काय खरं असेल ते लिही. आणि ते 'आपण-आपण' पुरे कर. माझं डोकं उठतं.

ताई

---

९ एप्रिल

ताई,

ऐक मग.

गाडी बाबा चालवत नव्हते. आई चालवत होती.

तिला मीच शिकवलं होतं. अकरा महिने, दुपारी, गॅरेजच्या मागच्या गल्लीत. बाबांना बाहेरगावी काम असलं की ती किल्ली घेऊन यायची. परीक्षा देऊन परवानाही काढला होता तिनं, डाळीच्या डब्यात ठेवायची. त्या दिवशी तिनं बाबांना सांगितलं, आज मी चालवते. ते नाहीच म्हणत होते. मी मध्ये पडलो. म्हटलं, "बाबा, एकदा शेजारी बसून तर बघा." ते माझं वाक्य. त्याचा दोष मी घेतो, तुला द्यावा लागणार नाही.

पुलाच्या अलीकडे समोरून ट्रक आला. आईला दिसला होता, ती आपल्या बाजूनं नीट चालली होती. बाबा घाबरले आणि त्यांनी शेजारून हात घालून स्टिअरिंग ओढलं. आईनं सावरायला उलटं फिरवलं. गाडी आडवी झाली आणि तिच्या बाजूचं दार दिव्याच्या खांबावर गेलं. ते दार बाबांनी तू यायच्या आतच बदलून घेतलं.

हे मला आईनं सांगितलं, तू यायच्या आदल्या दिवशी. शुद्धीवर होती. म्हणाली, "त्यांना काही बोलू नकोस. हे डोक्यावर घेऊन एकट्यानं कसे जगतील ते?" मी हो म्हटलं. तोवर बाबांनी कागदावर स्वतःचं नाव चालक म्हणून लिहिलं होतं आणि स्टिअरिंग फिरलं नाही असं सांगून टाकलं होतं. तेच पुढे गावभर झालं. मला वाटतं, शेवटी शेवटी त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता.

चौथ्या दिवशी शेडमध्ये गेलो तो पुरावा न्यायला नव्हे. मला शंका होती, की आई मला वाचवायला खोटं बोलली. तिचा काय भरवसा, तिनं आयुष्यभर आपल्या दोघांसाठी हेच केलं. म्हणून बॉक्स काढून उघडला. तुला आता जे दिसलं ते मला तेव्हा दिसलं. परत बसवायला हात गेला नाही.

तू विचारतेस, तेव्हाच तोंडावर का फेकला नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आईला दिलेला शब्द तुझ्यासाठी मोडला असता, देवाशपथ. पण तू त्या व्हरांड्यातून सरळ माझ्याकडे चालत आलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझ्या नजरेसमोरून जा." एकदाही विचारलं नाहीस, पान्या, काय झालं? एक प्रश्न, ताई. अकरा वर्षांत एक.

बॉक्स बसवताना तेल भरायला विसरू नकोस.

---

१८ एप्रिल

पान्या,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. चार दिवस कामाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी बसले तर एका गिऱ्हाइकाची कवळी उलटी बनवली.

माफी मागून हे भरून येणार नाही हे मला कळतं. म्हणून मला जे करता येण्यासारखं होतं ते केलं. बसून अकरा पत्रं लिहिली. मामाला, आत्याला, चुलत भावंडांना, शेजारच्या काकूंना, तुझी जी दोनतीन जुनी गिऱ्हाईकं आठवली त्यांनाही. सगळं लिहिलं. गाडी कोण चालवत होतं, स्टिअरिंग कुणी ओढलं, बॉक्समध्ये काय सापडलं. माझ्या भावाच्या कामात खोट नव्हती, असं ठळक लिहिलं. एक प्रत सोबत जोडलीय. सगळी पत्रं परवाच टपालात पडली.

आता तुला मान खाली घालून कुठे जावं लागणार नाही.

बॉक्स उद्या बसतोय. तेल आणलंय.

तुझी ताई

---

२३ एप्रिल

धन्य आहे तुझी.

तुला कुणी सांगितलं होतं? मी? एका शब्दानं?

मामाचा फोन आला होता. अर्धा तास नुसता रडत होता. त्याला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे कळायची काही गरज होती? आणि आत्यानं काय म्हटलं माहीत आहे? "तरीच! त्या वयात बाईला नको ते सुचलं, आणि जीव घालवून बसली. माझ्या भावाला आयुष्यभर झुरायला लावलं." झालं? अकरा वर्षं दोष माझ्यावर होता. माझी पाठ त्याला सरावली होती. आता तो आईवर गेला. जिनं सगळं नीट केलं होतं तिच्यावर.

मी गप्प होतो तो केवळ बाबांसाठी वाटलं तुला? आईचं नाव चारचौघांच्या तोंडी पडू नये हेही त्यात होतं. पण ते तुला कसं कळणार? तुला तर आपलं मन मोकळं करायचं होतं. अकरा पाकिटं, अकरा तिकिटं, आणि तू सुटलीस.

पूर्वी न विचारता हाकललंस, आता न विचारता सोडवलंस. माझ्या लेखी दोन्ही सारखंच. यापुढे मला लिहू नकोस.

---

३ मे

पान्या,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितेय. हे शेवटचं समज, फाडून टाकलंस तरी चालेल.

आत्याकडे गेले होते. तिच्या दिवाणखान्यात, तिच्या सुना-नातवंडांसमोर सांगितलं, की आईला ट्रक दिसला होता आणि तुझ्या भावाला धीर नव्हता, आणि हे जर तुला पुन्हा उलटं करून सांगायचं असेल तर माझ्या तोंडावर सांग. तिनं मला घराबाहेर काढलं. चहा अर्धाच राहिला. यानं काही दुरुस्त झालं असं मी म्हणत नाही. तू म्हणालास ते बरोबर आहे. मी सुटायलाच लिहिलं होतं ती पत्रं. पेटीत टाकताना हलकं वाटलं होतं मला, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गाडी पास झाली. तपासणीसानं स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं फिरवून बघितलं आणि विचारलं, हे काम कुणाचं? मी म्हटलं, माझ्या भावाचं. त्यानं काही लिहून घेतलं नाही, नुसती मान हलवली.

मग ती मी चालवत घरी आणली. आणि घरापर्यंत एकच गोष्ट डोक्यात होती. मी आईला त्या सीटवर कधी बघितलंच नाही. मला ती तिथे बसलेली डोळ्यांसमोर आणताच येत नाही. माझ्या आठवणीत ती कायम शेजारच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन.

मला तुला एकच विचारायचंय. आई गाडी कशी चालवायची?

ताई

---

१९ मे

ताई,

दोन आठवडे उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. राग गेलेला नाही. गेला असं समजून हे वाचू नकोस.

चपला काढून चालवायची. सीटखाली नीट जोडीनं ठेवायची, देवळाबाहेर ठेवल्यासारख्या. म्हणायची, पायाला कळलं पाहिजे. उंची पुरायची नाही म्हणून घरून एक उशी आणायची, आणि ती उशी पिशवीत घालून गल्लीतून यायची, कुणाला दिसू नये म्हणून. दिसायची सगळ्यांना. समोरचा न्हावी दर वेळी विचारायचा, "आज उशी आली का?"

पहिले दोन महिने गिअरची माफी मागायची. खर्र आवाज झाला की, "लागलं का रे बाबा?" मी हसलो की मला चापट. ब्रेक फार आधी दाबायची. हॉर्न वाजवायची नाही, काच खाली करून माणसाला सांगायची, "जरा सरका हो." आणि स्टिअरिंग जड होतं, तुला आता माहीतच आहे, वळताना पूर्ण अंग लावायची आणि तोंडानं ठेका धरायची, "वळ, वळ, वळ, हां." वळण झालं की एकदा माझ्याकडे बघायची. शाबासकी मागितल्यासारखं नाही. मी बघितलं ना, एवढीच खात्री करायची.

सातव्या महिन्यात एकदा गल्लीच्या टोकाला थांबायचं सोडून सरळ मोठ्या रस्त्याला लागली. मी ओरडतोय, आई, आई! ती म्हणाली, "गप बस, मला ऐकू येत नाही गाडीचं." पार पाण्याच्या टाकीपर्यंत नेली, वळवली आणि परत आणली. माझा शर्ट घामानं भिजला होता. मी म्हटलं, "कुठे जायचंय तरी कुठे तुला?" तर विचारात पडली. मग म्हणाली, "हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं. थांब, विचार करून सांगते."

मग त्यावर तिनं खूप विचार केला. पुढच्या आठवड्यात आली ती यादी घेऊन. शाळेतली तिची मैत्रीण राहायची ते गाव. समुद्र, पण गर्दीचा नको. तुझं घर. तुला न कळवता एकटीनं यायचं, दाराशी हॉर्न वाजवायचा आणि तू खाली बघितलंस की तुझं तोंड बघायचं, असं ठरलं होतं तिचं. त्यासाठी तेवढा एक हॉर्न वाजवायला शिकली होती.

हे मी तुला कधी सांगणार नव्हतो. तुला लागावं म्हणून सांगत नाही, आणि लागलं तर माझा इलाज नाही.

आणखी काही विचारायचं असेल तर विचार. उत्तर देईनच असं नाही.

पान्या